बाबाराव सांगायचे, जिजाबाई करायच्या

वर्ध्याकडच्या आष्टी तालुक्यात धरणाच्या पाण्यापलीकडे चार लहान गावं आहेत. तिथल्या माणसाला दवाखाना गाठायचा तर पाण्याला मोठा वळसा घालून यावं लागतं, आणि बस दिवसातून दोनदाच. म्हणून दर बुधवारी आणि शनिवारी आमची बोट त्या काठाला लागते. एका संस्थेनं सुरू केलेला हा तरंगता दवाखाना. मी, अंकिता, पहिल्या दिवसापासून त्यावर नर्स आहे. डोमाजी बोट चालवतात. डॉक्टर बुधवारी असतात, शनिवारी मी आणि डोमाजी दोघंच.

ही बोट दवाखान्यासाठी बनलेली नव्हती. समुद्राकाठच्या कुणा हौशी माणसानं ती स्वतःसाठी घेतली होती, मग कंटाळून संस्थेला देऊन टाकली. ट्रकवर लादून ती आमच्याकडे आली. तिच्या केबिनमधे बाकाखाली एक मशीन होतं. उन्हाळ्यात ते गार हवा द्यायचं आणि थंडीत बटण फिरवलं की गरम. एसी आमच्या लोकांना माहीत होता, पण हिवाळ्यात ऊब देणारा एसी नवलाचा. काही म्हाताऱ्या बाया काही दुखत नसतानाही बीपी तपासायला आत येऊन बसायच्या.

ती ऊब आमच्यासाठी चैन नव्हती. डिसेंबरात सकाळी पाण्यावरून येणारा वारा हाडात शिरतो. बाळाचं वजन घ्यायचं तर त्याचे सगळे कपडे काढावे लागतात. दोन किलोचं बाळ त्या गारठ्यात उघडं करताना आईच्या आधी माझाच जीव घाबरायचा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास बोट काठावर ओढून तिच्या बुडाला रंग दिला. पुन्हा पाण्यात सोडली आणि थंडी सुरू झाली, तेव्हा लक्षात आलं की मशीन बिघडलंय. सुरू केलं की चार-पाच मिनिटं ऊब यायची, मग खटकन बंद. छोट्या पडद्यावर दोन अक्षरं लुकलुकत राहायची. वर्ध्याहून एक एसीवाला आला. त्यानं गॅस तपासला, गॅस बरोबर होता. बोटीतलं मशीन आपण कधी उघडलं नाही, असं प्रामाणिकपणे सांगून तो निघून गेला. मशीन बनवणाऱ्यांना फोन केला तर त्यांनी हे मॉडेल जुनं झालं, बदला, एवढंच सांगितलं.

तेव्हा मला बाबाराव थूल आठवले.

मी आर्वीला शिकत होते तेव्हा दवाखान्यातला लसींचा फ्रिज एकदा भर मे महिन्यात बंद पडला होता. एक उंच, सावळा माणूस सायकलवरून आला. त्यानं फ्रिज उघडलाही नाही. आधी मागच्या नळीवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि कुणाचं बोलणं ऐकावं तसा उभा राहिला. मग म्हणाला, "अर्ध्या तासात देतो. लसी तोवर बर्फात ठेवजा." अर्ध्या तासात फ्रिज सुरू झाला. आर्वीच्या एसटी डेपोजवळ त्यांचं दुकान होतं. बर्फाच्या कारखान्यापासून लग्नातल्या आइस्क्रीमच्या पेटीपर्यंत सगळं त्यांच्याकडे यायचं.

मी पत्ता विचारत घरी गेले. दुकान बंद होऊन चार वर्षं झाली होती. बाबाराव ओसरीत खुर्चीवर बसले होते. दोन्ही हात मांडीवर, आणि हातांवर टॉवेल टाकलेला. टॉवेल हलत होता. कंपवात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाले, "पोरी, मशीन मले समजून राह्यली. पण माह्या हातानं आता स्क्रूही धरल्या जात नाई. कपातला चहा सांडते. तू दुसरा माणूस पाहजो."

त्यांच्या पत्नी जिजाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. बारीक अंगाच्या, साठीच्या आसपासच्या. त्यांनी कप माझ्या हातात दिला, दुसरा कप स्वतः धरून नवऱ्याच्या ओठाला लावला आणि मला विचारलं, "बोट कधी निघते?"

"बुधवारी सकाळी. पण आठ वाजेपर्यंत काठावर यावं लागेल, काकू."

"येतो आमी."

बाबाराव त्यांच्याकडे पाहत राहिले. "तू येऊन काय करशीन?"

"तुमी सांगा. मी करीन."

"चाळीस वर्षांत कधी पाना हातात धरला का तू?"

"तुमी कधी देल्ला का?" जिजाबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या.

बुधवारी ते दोघं पहिल्या एसटीनं आष्टीला आले आणि तिथून डोमाजींच्या पुतण्याच्या जीपमधून काठावर. अवजारांची लोखंडी पेटी जिजाबाईंच्या डोक्यावर होती. बाबारावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बोटीवर चढताना डोमाजींनी हात पुढे केला तर त्यांनी तो धरला नाही. दोनदा तोल गेला, तेव्हा जिजाबाईंनी मागून पाठीला हात लावला आणि ते चढले.

डॉक्टर त्या दिवशी सुटीवर होत्या. रुग्णांना मी अकरा वाजता यायचा निरोप दिला होता. आम्ही बोट काठालाच बांधून ठेवली, बाकावरची गादी काढली, फळी उचलली. आत मशीन, पंप आणि नळ्यांची गुंतागुंत होती. बाबाराव गुडघे टेकून बसले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. घरी टॉवेलखाली हात झाकून बसलेला माणूस तो नव्हताच.

"हे पाय जिजा," ते म्हणाले, "घरच्या एसीत खोलीतली गरमी बाहेर हवेत फेकतात. इथं हवा नाई, पाणी आहे. हा पंप तळ्याचं पाणी आत वढते, मशीनमधून फिरवते अन् बाहेर टाकते. उन्हाळ्यात मशीन आपली गरमी त्या पाण्याले देते. हिवाळ्यात उलटं. पाण्यातली गरमी काढून आपल्याले देते."

"एवढ्या थंड्या पाण्यात गरमी कुठची?"

"असते. थोडी असते, पण मशीनले काढता येते."

जिजाबाईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही, पण त्यांनी पदर खोचला.

आधी बाबारावांनी करंट तपासायला लावला. मीटरच्या दोन तारा कुठे टेकवायच्या ते बाबाराव बोटानं दाखवू शकत नव्हते. बोट भलतीकडेच जायचं. मग ते नुसतं बोलून सांगू लागले, "लाल वायरीच्या खाली, पितळेचा स्क्रू." जिजाबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी आकडा वाचला, "दोनशे बावीस." करंट ठीक होता. मग बाबारावांनी डोमाजींना विचारलं, "मशीन चालते तवा बाहेर पाणी पडते का?"

"हाव, पडते न. बाजूच्या छिद्रातून पडते."

"मंग पाण्याचं ठीक आहे," बाबाराव म्हणाले. "आता गरमवर चालू करा."

मशीन घुरघुरलं. बाबारावांनी सवयीनं हात पुढे केला आणि तांब्याच्या नळीवर तळहात ठेवला. डोळे मिटले. मला आर्वीचा तो फ्रिज आठवला. पण या वेळी त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. हात नळीवर तडतड वाजत होता. त्यांनी दुसऱ्या हातानं तो दाबून धरायचा प्रयत्न केला, तर दोन्ही हात थरथरू लागले. थोड्या वेळानं त्यांनी हात काढून घेतला.

"काय झालं?" जिजाबाईंनी विचारलं.

"नळी समजून नाई राह्यली. माहाच हात समजून राह्यला."

मग जिजाबाई त्यांच्या शेजारी फतकल मारून बसल्या आणि आपला तळहात त्या नळीवर ठेवला. "मले सांगा, काय पाह्यचं?"

"काय वाटून राह्यलं, ते सांग."

"गरम आहे. भाकर झाल्यावर तव्याची दांडी असते तेवढी."

"अन् खालची?"

"थंडी. जास्तच थंडी व्हऊन राह्यली. गार पाण्याची सुरई... नाई, त्याच्यापेक्षाही." त्यांनी हात झटकन मागे घेतला. "आता चटका बसल्यावानी थंडी आहे. पांढरं जमून राह्यलं त्याच्यावर."

तेवढ्यात मशीन खटकन बंद पडलं. पडद्यावर ती दोन अक्षरं आली.

बाबारावांना वाटलं, दिशा बदलणारा व्हॉल्व्ह अडकला असेल. उन्हाळ्याची चाल हिवाळ्याच्या चालीत बदलणारा तो भाग महिनोन् महिने न वापरता राहिला की चिकटून बसतो म्हणे. त्यांनी जिजाबाईंना पेचकसाच्या लाकडी मुठीनं त्यावर हलके ठोके मारायला सांगितलं. "जोरात नाई. झोपलेल्या माणसाले उठवतो तसं." जिजाबाईंनी ठोकलं. पुन्हा मशीन लावलं. पाच मिनिटांनी पुन्हा बंद.

दुसऱ्यांदा ठोकलं, तिसऱ्यांदा ठोकलं. तेच.

जिजाबाई म्हणाल्या, "अवो, पण तो अडकला असता तर आधी चार मिनिटं गरम हवा कशी आली असती?"

बाबाराव त्यांच्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "हाव. व्हॉल्व्ह बरोबर आहे. मीच चुकलो." थोडं थांबून म्हणाले, "बर्फ जमते म्हणजे पाणी पोहचत नाई. गाळणं उघड."

पाणी आत येतं तिथे काचेच्या झाकणाचं गाळणं होतं. जिजाबाईंनी खालची तोटी बंद केली आणि झाकण फिरवलं. आत जाळीला शेवाळ आणि पाणवनस्पतींचा गोळा चिकटला होता. त्यांनी तो नखांनी काढला, जाळी घासली, परत बसवली आणि तोटी उघडली. बाबारावांच्या डोळ्यांत आशा दिसली. मलाही वाटलं, झालं आता.

मशीन सुरू केलं. चार मिनिटं. पाच. खटक.

साडेदहा वाजले होते. पलीकडच्या काठावर ठिपक्यांएवढी माणसं जमू लागली होती. बाबारावांचा थरकाप वाढला होता. दमले की वाढतो. त्यांची हनुवटीही हलत होती. ते बाकाला टेकले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पोरी, तुहा दिवस खराब केला मी. हे माह्या आवाक्यातलं नाई राह्यलं. जिजा, पेटी भर."

जिजाबाई पेटी भरायला लागल्या नाहीत. त्यांचे हात शेवाळानं माखले होते. ते धुवायला त्या बोटीच्या कडेला गेल्या आणि वाकल्या. मग तशाच वाकून राहिल्या.

"डोमाजी भाऊ, पाणी पडते म्हंता ते कोणत्या छिद्रातून?"

"ते काय, खालचं."

"अन् हे वरचं कायचं आहे?"

डोमाजी वाकून पाहू लागले. मीही गेले. बोटीच्या अंगाला हातभर अंतरावर दोन छिद्रं होती. खालच्यातून बोटीच्या बुडात साचलेलं पाणी बाहेर पडत होतं. ते काम दुसऱ्या पंपाचं. वरचं छिद्र कोरडं होतं. त्याच्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलेलं होतं, अगदी नीट, एकही धागा तुटला नव्हता.

जिजाबाईंनी वळून नवऱ्याला सांगितलं, "वरच्या छिद्रात कोळ्याचं जाळं आहे. इथून किती दिवसांत पाणी गेलं नाई."

बाबाराव उठून बसले. "डोमाजी, मशीनचं पाणी वरून पडते का खालून?"

डोमाजी ओशाळले. "आता आठवलं. उन्हाळ्यात वरून पडे."

"मी विचारलं, पण पाह्यलं नाई," बाबाराव म्हणाले. "तीस वर्षं लोकायले सांगत आलो का विचारू नका, पाहा."

जिजाबाईंनी तोवर पंपावर हात ठेवला होता. मशीन सुरू करायला सांगितलं आणि त्या ऐकत राहिल्या. त्यांच्या माहेरी समुद्रपूरकडे विहीर होती, कपाशीला पाणी द्यायची मोटर होती, आणि लग्नाआधी ती मोटर सुरू करणं हे त्यांचं काम होतं. हे मला त्यांनी नंतर सांगितलं. त्या वेळी त्या एवढंच म्हणाल्या, "हा रिकामा फिरून राह्यला. हवा धरली यानं. विहिरीवरची मोटर अशीच करे. फिरे जोरात अन् पाणी उचले नाई. मंग आमी वरून नळी ढिली करून हवा काढो."

बाबाराव पंपाकडे सरकले. मग त्यांनी विचारलं, "पंपाच्या पुढची नळी कशी गेली आहे? सरळ का चढून?"

जिजाबाईंनी हात घालून चाचपलं. "वर चढली, मंग खाली उतरली. मधात सुतळीनं बांधली आहे कोणीतरी."

"मीच बांधली," डोमाजी म्हणाले. "रंग देतानी आड येत होती. मंग राह्यलं सोडाचं."

"त्याच कमानीत हवा बसली," बाबाराव म्हणाले. "बोट पाण्याबाहेर काढली तवा नळ्या रिकाम्या झाल्या. पुन्हा पाण्यात सोडली तर हवा आतच. जिजा, सुतळी काप. मंग पंपाच्या तोंडावर नळी आवळून धरलेला पट्टा ढिला कर. डावीकडे फिरव. पूर्ण नको काढू."

"माईत आहे," जिजाबाई म्हणाल्या.

त्यांनी सुतळी कापली, नळी खाली बसवली, मग पट्टा ढिला केला. फुस्स असा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. मग नळीतून गुडगुड झाली आणि गार पाणी उडून जिजाबाईंच्या तोंडावर, बाबारावांच्या इस्त्रीच्या शर्टावर पडलं. जिजाबाईंनी दोन्ही हातांनी पट्टा आवळला. बाबाराव म्हणाले, "बस. जास्त नको, नळी कापल्या जाईन."

आम्ही मशीन लावलं. डोमाजी कडेला जाऊन ओणवे झाले. "पडून राह्यलं," ते म्हणाले. "वरच्यातून. धार आहे."

पाच मिनिटं झाली. दहा झाली. कुणीच हललं नाही. जिजाबाईंचा हात खालच्या नळीवर होता. बाबारावांनी विचारलं, "काय म्हंते?"

"थंडी आहे. पण माठातल्या पाण्याएवढीच. वाढून नाई राह्यली."

पंधरा मिनिटांनी केबिनच्या काचा धुरकट झाल्या. आम्ही बोट सोडली आणि पलीकडे निघालो. बाबाराव हवा येते त्या जाळीसमोर बसले होते. जिजाबाईंनी त्यांचा ओला शर्ट काढला, स्वतःच्या पदरानं त्यांची पाठ पुसली आणि शर्ट जाळीवर वाळत धरला. मी दुसरीकडे पाहत होते, पण ऐकू येत होतं.

"मोटरचं मले कधी सांगितलं नाई तू," बाबाराव म्हणाले.

"तुमी कधी विचारलं नाई."

"चाळीस वर्षं झाली."

"एकेचाळीस," जिजाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी पहिलं बाळ अवघं एक किलो नऊशे ग्रॅमचं होतं. आईनं ते चार कापडांत गुंडाळून आणलं होतं. मी एकेक कापड काढलं. बाळानं आळोखेपिळोखे दिले, जांभई दिली आणि वजनकाट्यावर पाय ताणून पडून राहिलं. रडलं नाही. जिजाबाई कोपऱ्यात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी बाबारावांना कोपरानं ढोसलं. बाबारावांनी मान हलवली.

त्यानंतर आर्वीत लोकांना कळलं की बाबाराव पुन्हा काम करतात. दुकान त्यांनी उघडलं नाही. लोक घरी यायचे. बाबाराव खुर्चीवर बसून सांगायचे आणि जिजाबाई करायच्या. सुरुवातीला काही माणसांना ते अवघड वाटायचं. एका लग्नाच्या हॉलवाल्यानं तर विचारलं होतं, "बाईकडून उघडवता काय?" बाबारावांनी त्याला शांतपणे सांगितलं, "मंग तुमी उघडा, मी सांगतो." त्यानं जिजाबाईंना वाट करून दिली.

आमच्या बोटीची देखभालही तेच बघत. वर्षातून दोनदा यायचे, थंडी सुरू होताना आणि उन्हाळ्याआधी. दर खेपेला बाबारावांचं चालणं थोडं आखूड झालेलं असायचं. मागच्या वर्षी त्यांना जीपमधून उतरवून खुर्चीसकट बोटीवर घ्यावं लागलं. पण केबिनमधे बसले की त्यांचे प्रश्न तेवढेच नेमके असायचे, आणि जिजाबाईंची उत्तरं दिवसेंदिवस कमी शब्दांची होत गेली. "काय म्हंते?" "ठीक." "खालची?" "ठीक."

या डिसेंबरात जिजाबाई एकट्या आल्या. बाबारावांना आता बसमधे बसवत नाही. त्यांची मुलगी जागृती नागपूरहून येऊन त्यांच्यापाशी थांबली होती. जिजाबाईंनी पेटी उघडली, गाळणं धुतलं, पट्टे आवळून पाहिले, पंपाला कान लावला. मग पंपात बारीक खरखर ऐकू आली म्हणून त्या थांबल्या. त्यांनी मला घरी फोन लावायला सांगितलं आणि फोन पंपाजवळ धरला.

पलीकडून जागृतीचा आवाज आला, "बाबा ऐकून राह्यले." मग बराच वेळ काहीच नाही. बाबारावांचं बोलणं आता फार हळू येतं, शब्द तुटतात. आम्ही वाट पाहिली.

शेवटी त्यांनी विचारलं, "तुले... काय वाटते?"

जिजाबाईंनी पंपाकडे पाहिलं. "आतली पंख्याची चकती घासून राह्यली. आज चालन. पण थंडी संपली का काढून पाहा लागन."

पुन्हा थोडा वेळ गेला.

"मंग तसंच कर," बाबाराव म्हणाले.

जिजाबाईंनी फोन माझ्याकडे दिला, फळी लावली, गादी पसरली आणि डोमाजींना बोट सोडायला सांगितलं. पलीकडच्या काठावर बाया उन्हात उभ्या होत्या. त्यांनी आमच्या आधी जिजाबाईंना हात केला.